रुपेरी केसांचे मूल

सातव्या दिवशी अकिका होतो, बाळाचे जावळ काढले जाते आणि त्या केसांच्या वजनाइतकी चांदी खैरात केली जाते. त्या दिवशी सगळ्या घराचे लक्ष बाळाच्या केसांवर असते. दादी म्हणते आमच्यावर गेलाय, नानी म्हणते आमच्यावर. पण फार क्वचित एखाद्या बाळाच्या केसांची झाक दोन्हीकडच्या कुणाशीच जुळत नाही. काळी नाही, तांबूस नाही, राखेत चांदी मिसळावी तशी. भुवया आणि पापण्याही तशाच. घरात कौतुक होते, शेजारपाजारी ‘विलायती बच्चा’ म्हणतात, आणि गोष्ट तिथेच राहते.

फिकट केसांची बहुतेक मुले ठणठणीत असतात, हे आधीच सांगितलेले बरे. कुपोषणातही केसांचा रंग उडतो. पण ते केस तांबूस, कोरडे, विरळ होतात आणि पोटभर व चांगले खायला मिळाले की सुधारतात. आम्ही ज्या मुलाबद्दल लिहीत आहोत त्याचे केस जन्मापासून रुपेरी असतात आणि पुढे वेगळेच घडत जाते. सहा-आठ महिन्यांचे झाले की ताप येतो आणि उतरत नाही. औषधाने चार दिवस बरे वाटते, पुन्हा येतो. पोट फुगते, कारण यकृत आणि पाणथरी वाढलेली असते. अंगावर फिकटपणा येतो. मग एक दिवस आकडी येते, किंवा बसायला शिकलेले मूल बसायचे विसरते, डोळा तिरळा होतो, चालणारे मूल भिंतीला धरू लागते.

अशा मुलाच्या पिशवीत चार-पाच दवाखान्यांचे कागद असतात. एकावर टायफॉईड, दुसऱ्यावर डेंग्यू, तिसऱ्यावर मेंदूज्वर, चौथ्यावर मेंदूचा क्षय. यातला कुठलाच डॉक्टर बेजबाबदार असतो असे नाही. आपल्या भागात हे आजार रोजचे आहेत आणि लक्षणे तशीच दिसतात. फक्त केस, ताप, पोट आणि मेंदू ही चार दुखणी नसून एकच दुखणे आहे, हे लक्षात यायला कुणीतरी सगळे कागद एका टेबलावर पसरावे लागतात.

या दुखण्याचे नाव ग्रिसेली सिंड्रोम, प्रकार दुसरा. फ्रान्समधले डॉक्टर क्लोद ग्रिसेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली ते प्रथम वर्णन केले. २००० साली त्याचे जनुकही सापडले, त्याला रॅब२७ए म्हणतात. केसांचा रंग आणि मेंदूची आकडी यांचा संबंध काय, हा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर आम्हाला या साऱ्या विषयातले सगळ्यात नवलाचे वाटले, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

बाजार समितीतला एक हमाल डोळ्यांसमोर आणा. गोणी गोदामातून उचलून दारात उभ्या असलेल्या गाडीपर्यंत नेणे हे त्याचे काम. रॅब२७ए हे जनुक शरीरात असाच एक हमाल घडवते. त्वचेतल्या रंगपेशींमध्ये काळ्या रंगाच्या बारीक गोण्या तयार होतात. हा हमाल त्या पेशीच्या कडेला नेतो, तिथून त्या केसात जातात आणि केस काळा होतो. आता शरीराचे रक्षण करणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी घ्या. विषाणू शिरलेली पेशी दिसली की या रक्षक पेशी आपल्या आतल्या विषाच्या पुड्या तिच्यावर सोडतात आणि तिला संपवतात. त्या पुड्या दारापर्यंत आणणारा हमालही तोच आहे. तो जन्मतःच नसेल तर रंग तयार होतो पण केसात पसरत नाही, एका जागी गोळा होऊन बसतो. तसेच विष तयार होते पण शत्रूपर्यंत पोहोचत नाही. रंग न पोहोचल्याने केस रुपेरी दिसतात एवढेच. विष न पोहोचण्याने मात्र जीवावर बेतते.

कारण शत्रू मरत नाही आणि लढाईची हाक थांबत नाही. साध्या सर्दी-तापाच्या विषाणूनंतरही शरीर आणखी सैन्य, आणखी सैन्य असे करत राहते. ते सैन्य चवताळते आणि स्वतःचेच यकृत, स्वतःचीच अस्थिमज्जा, स्वतःच्याच रक्तपेशी खाऊ लागते. डॉक्टर याला एचएलएच म्हणतात. हे सैन्य मेंदूत शिरले की आकड्या, चिडचिड, अंग ताठ होणे किंवा लुळे पडणे सुरू होते. काही मुलांत तर ताप किंवा पोट फुगणे नीट दिसण्याआधी मेंदूचीच लक्षणे दिसतात. प्रतिकारशक्तीच्या आजारात मेंदू दुखावतो तो असा. आणि मेंदूचा जो भाग एकदा गेला, तो नंतरच्या कुठल्याही उपचाराने परत येईलच असे नाही. म्हणून या आजारात महिने नव्हे, आठवडे मोजायचे असतात.

जामखेडच्या वाचकांना एक जुनी गोष्ट ठाऊक असेल. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या तालुक्यात आले, तेव्हा इथे हजारी पावणेदोनशेच्या आसपास तान्ही मुले वर्षाच्या आत दगावत होती. जुलाब, गोवर, धनुर्वात, उपासमार. त्यांनी गावोगावच्या साध्या, अनेकदा निरक्षर बायकांना आरोग्याचे काम शिकवले, आणि त्या बायकांनी मुले मरायची थांबवली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण खरे काम त्या बायकांचे होते असे दोघेही मानत. आज या गोष्टीची आठवण काढण्याचे कारण वेगळे आहे. ज्या गावात प्रत्येक घरातून एक-दोन मुले जात, तिथे एखाद्या घरातून तीन गेली तर कुणाच्या नजरेत येणार? जुलाबाने गेली, तापाने गेली, अल्लाहची मर्जी. आता साध्या दुखण्याने मूल जाणे कमी झाले आहे. आता ज्या घरातून एकामागून एक मुले जातात ते घर वेगळे दिसते. ते दिसले पाहिजे आणि त्याची नोंद झाली पाहिजे. एका घरात दोन मुले लहानपणी न उमगलेल्या तापाने गेली असतील, तर तिसऱ्याच्या तापाला साधा ताप समजू नये. हे आशाताईला, अंगणवाडीताईला आणि घरातल्या दादीलाही कळण्याजोगे आहे.

तज्ज्ञ डॉक्टर अशा वेळी यंत्राकडे वळण्याआधी कागद-पेन घेतात आणि तीन पिढ्यांचे झाड काढतात. मुलासाठी चौकोन, मुलीसाठी गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ. आई-वडील नात्यातले असतील तर दोघांमध्ये दुहेरी रेघ. विचारतात: किती मुले झाली, किती गेली, कितव्या महिन्यात, कशाने, केस कसे होते? आमच्या घरांत या प्रश्नांना नीट उत्तर मिळत नाही. गेलेल्या मुलाचे नाव काढले की आईला त्रास होईल म्हणून सगळे गप्प बसतात, किंवा सासू ‘सब ठीक था’ म्हणून विषय बदलते. या झाडापुढे लाज बाळगू नका. कितीतरी महागड्या तपासण्यांपेक्षा ते जास्त सांगून जाते, आणि त्याला पैसा लागत नाही.

दुसरी तपासणीही जवळजवळ फुकट आहे. मुलाचे दहा-बारा केस काचेवर ठेवून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. ग्रिसेलीमध्ये केसाच्या आत रंगाचे मोठे, वेडेवाकडे गोळे दिसतात. याच्या जवळचा दुसरा एक आजार आहे, चेडियाक-हिगाशी. त्यात रंगाचे ठिपके बारीक आणि सारख्या अंतरावर असतात, आणि रक्ताच्या काचेवर पांढऱ्या पेशींमध्ये अवाढव्य दाणे दिसतात. म्हणजे तालुक्याच्या प्रयोगशाळेतही पहिला संशय घेता येतो. तेवढ्यासाठी अशा मुलाच्या केसांना मेंदी लावू नका. मुंडण झाले असेल तर केस पुन्हा थोडे वाढल्यावर हा मुद्दा आठवणीने डॉक्टरांना सांगा. भुवया पाहायलाही सांगा, त्या कुणी काढत नाही.

यापुढचा रस्ता मात्र लांब आहे. जामखेडहून अहिल्यानगर किंवा पुणे, आणि तिथून मुंबईत परळ. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात ‘आयसीएमआर’ची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारांवर तिथे अनेक वर्षे काम चालते. डॉ. मनीषा मडकईकर यांचे नाव या क्षेत्रात देशभर घेतले जाते. त्याच परळमध्ये बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आहे, तिथे डॉ. मुकेश देसाई यांनी या मुलांसाठी विभाग उभा केला. रक्षक पेशी विषाच्या पुड्या बाहेर टाकतात की नाही हे तिथे प्रत्यक्ष तपासता येते. ही तपासणी ताज्या रक्तावर करावी लागते, म्हणून नमुना पाठवायचा की मूल न्यायचे हे आधी फोनवर ठरवून घ्यावे. जनुकाची तपासणी वेगळी, तिचा नमुना प्रवास सोसतो. निघण्याआधी फेरिटिन नावाची एक रक्ततपासणी करून घेता आली तर उत्तम. एचएलएचमध्ये तिचा आकडा अनेकदा हजारांत जातो आणि तो पाहिल्यावर मोठ्या रुग्णालयात वाट पाहावी लागत नाही.

पाठीतले पाणी काढायला आपल्याकडे फार विरोध होतो. ‘पाणी काढले की मूल लुळे पडते’ असे ठामपणे सांगणारे प्रत्येक वॉर्डच्या बाहेर भेटतात. लुळेपण त्या सुईने येत नाही. ज्या आजारासाठी सुई टोचावी लागली, त्या आजाराने येते. मेंदूत सैन्य शिरले आहे की नाही हे त्या पाण्यातून कळते आणि औषध त्यावरच ठरते.

उपचाराचे दोन टप्पे आहेत. आधी स्टेरॉईड आणि इटोपोसाईडसारखी औषधे देऊन चवताळलेले सैन्य शांत करायचे. याने मूल सुधारते, हसते, खाते, आणि इथेच अनेक घरे फसतात. बरे झाले म्हणून गावी परततात. हमाल अजूनही जागेवर नाही, हे विसरतात. पुढचा विषाणू आला की सगळे पुन्हा उसळते. दुसरा टप्पा अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा, आणि प्रतिकारशक्ती मुळापासून बदलणारा उपाय तोच. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. ती जुळली नाही तर हल्ली आई-वडिलांची अर्धी जुळणारी मज्जाही वापरतात. मज्जा देणाऱ्याचे काही कायमचे कमी होत नाही, रक्तदानासारखी ती भरून येते. मेंदूला धक्का बसण्याआधी प्रत्यारोपण झाले तर निकाल चांगले येतात. केस मात्र नंतरही रुपेरीच राहतात, कारण रंगपेशी मज्जेतून येत नाहीत. चेडियाक-हिगाशीच्या बाबतीत एक कडू गोष्ट सांगायला हवी. तिथे प्रत्यारोपणाने जीव वाचतो, पण मज्जातंतूंचा त्रास पुढे तरुणपणी डोके वर काढू शकतो.

खर्चाचे नाव काढले की बाप खाली बसतो, हे आम्हाला ठाऊक आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली ठरवून दिलेल्या केंद्रांमधून एका रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचे केईएम त्यातले एक केंद्र आहे. प्रत्यारोपणाने बरे होणारे प्रतिकारशक्तीचे काही आजार धोरणाच्या पहिल्या गटात आहेत. तुमच्या मुलाचा आजार त्यात बसतो का हे तिथल्या समितीकडूनच कळते, आणि त्यासाठी निदानाचा कागद हातात लागतो. म्हणून घर गहाण टाकण्याआधी केईएममध्ये चौकशी करा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना एक जास्तीची विनंती. सहा महिने इथे, सहा महिने कारखान्यावर, यात फाईल हरवते. सगळ्या कागदांचे फोटो काढून दोन नातेवाइकांच्या मोबाईलवर ठेवा.

याच कुळातला पण अगदी वेगळ्या चेहऱ्याचा एक आजार ओझरता सांगतो, कारण त्याला हमखास ‘जन्मताच मेंदूला कमी हवा मिळाली’ असे लेबल लागते. अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया. मूल वेळेवर चालायला लागते आणि मग नशा केल्यासारखे डोलू लागते. काही वर्षांनी डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल बारीक शिरा दिसतात, त्या दुखत नाहीत, खाजत नाहीत. छातीचे आणि नाकाचे संसर्ग वारंवार होतात. अल्फा फीटोप्रोटीन या साध्या रक्ततपासणीत वाढ दिसते. १९९५ साली याचे जनुक सापडले, बरे करणारे औषध अजून नाही. पण नाव कळल्याने एक मोठा फायदा होतो. या मुलांना क्ष-किरणे बाधतात, तेव्हा गरज नसलेले एक्स-रे आणि सीटी स्कॅन टाळता येतात.

लसींबद्दल गोंधळ नको. जन्मजात प्रतिकारशक्तीचा आजार सिद्ध झालेल्या किंवा त्याचा दाट संशय असलेल्या मुलाला बीसीजी, तोंडावाटे पोलिओ अशा जिवंत लसी तज्ज्ञाला विचारल्याशिवाय देऊ नयेत. हा नियम त्या एका मुलापुरता आहे. शेजाऱ्यांच्या निरोगी मुलांच्या लसी वेळेवर झाल्या तर उलट या मुलाचेच रक्षण होते.

आता नात्यातल्या लग्नांचा विषय. तो टाळून हा लेख लिहिता आला असता, पण ते खरे झाले नसते. ग्रिसेली, चेडियाक-हिगाशी, अटॅक्सिया हे तिन्ही आजार तेव्हाच होतात जेव्हा आई आणि वडील या दोघांकडून बिघडलेली एकेक प्रत येते. एकच बिघडलेली प्रत असलेला माणूस वाहक असतो, धडधाकट असतो, त्याला आयुष्यभर पत्ता लागत नाही. दोन वाहकांच्या प्रत्येक गर्भाला चारात एक धोका असतो. प्रत्येक गर्भाला, हे ध्यानात घ्या. एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुटली असा हिशेब नसतो. एकाच आजोबांकडून आलेली तीच बिघडलेली प्रत चचाजाद किंवा खालाजाद दोघांकडेही असण्याची शक्यता परक्या दोघांपेक्षा पुष्कळ जास्त असते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात हजारो बाळांचा अभ्यास झाला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जन्मजात दोषाचे प्रमाण सर्वसाधारण घरांत सुमारे ३ टक्के, तर पहिल्या नात्यातल्या जोडप्यांत सुमारे ६ टक्के निघाले. म्हणजे धोका दुप्पट, आणि तरीही शंभरात चौऱ्याण्णव मुले निर्दोष. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. मुसलमानांना हिणवायला पहिला आकडा वापरणारे आणि डोळे मिटून घ्यायला दुसरा वापरणारे, दोघांचेही आम्हाला पटत नाही. शिवाय मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रात हिंदू घरांतही जुनी आहे. आजार धर्म विचारत नाही.

शरीयतने चुलत-मामे-मावस नात्यात निकाहला परवानगी दिली आहे, हुकूम दिलेला नाही. प्रेषितांच्या (स.) बहुतेक पत्नी त्यांच्या चुलत-आते बहिणी नव्हत्या. ज्या खानदानात असे मूल जन्मले आहे, तिथे पुढचा निकाह पुन्हा आतल्या आत ठरवण्याआधी थांबणे हे दीनच्या विरोधात कसे असेल? सौदी अरबस्तानात २००४ पासून निकाहपूर्वी सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची आहे. निकाल काहीही आला तरी निर्णय जोडप्याचाच राहतो. दुर्मीळ आजारांसाठी अशी सगळ्यांना लागू होणारी एक तपासणी नाही. घरातल्या आजारी मुलाचे नेमके जनुक कळले तरच इतरांत ते शोधता येते.

दोष आईवर टाकला जातो तो हिशेबातही बसत नाही. अर्धी प्रत बापाची असते. ‘हिच्या पायगुणाने’ म्हणत दुसरा निकाह करणारा बाप आपली प्रत बरोबर घेऊनच जातो, आणि दुसरी बायकोही खानदानातलीच असेल तर तोच धोका पुन्हा उभा राहतो. दुआ करा, सदका द्या. पण ताबीज बांधून आठवडे घालवणे आणि उपचाराबरोबर दुआ करणे यात फरक आहे. प्रेषितांनी (स.) इलाज करायला सांगितले आहे, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे.

पुढच्या गर्भाचे काय, हा प्रश्न बायका दबक्या आवाजात विचारतात. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा अंश काढून गर्भाचे जनुक तपासता येते. त्यासाठी आधीच्या मुलातला बिघाड कागदावर असावा लागतो. म्हणून मूल हातचे जाईल असे दिसत असले तरी त्याच्या रक्ताचा डीएनए नमुना जपून ठेवायला सांगा. त्या घटकेला हे सुचत नाही, म्हणून आत्ता लिहितो. तो राहून गेला असेल तर आई-वडिलांच्या रक्तावरून शोध घेता येतो, पण ते अवघड जाते.

तपासणी म्हणजे गर्भपात असा अर्थ नाही. बाळ आजारी आहे हे जन्माआधी कळले तर पहिल्या तापाआधीच प्रत्यारोपणाची तयारी करता येते, आणि त्याचा मेंदू वाचतो. गर्भ न ठेवण्याचा प्रश्न आला, तर मक्केत १९९० साली मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिकह परिषदेने दिलेला निर्णय आलिम लोकांना माहीत आहे. गर्भधारणेपासून १२० दिवसांच्या आत, भरवशाच्या तज्ज्ञांनी गंभीर आणि उपचार नसलेला दोष सिद्ध केला आणि आई-वडिलांची इच्छा असली तर त्यात मुभा आहे. डॉक्टर पाळीपासून आठवडे मोजतात, त्यांच्या हिशेबाने हे सुमारे १९ आठवडे होतात. भारतीय कायद्याची मुदत यापेक्षा लांब आहे. पण ग्रिसेलीवर प्रत्यारोपणाचा उपाय आहे, तेव्हा ‘उपचार नसलेला’ ही अट लागू होते का, हे मुफ्तींसमोर डॉक्टरांचा कागद ठेवूनच विचारावे. अर्धवट माहितीवर घेतलेला फतवा अर्धवटच असणार.

राहिली आजारी मुलाची थोरली बहीण. ती निरोगी असेल तर ती वाहक असण्याची शक्यता तीनात दोन आहे, आणि ही बातमी गावात पसरली की तिचे रिश्ते यायचे बंद होतात. त्याला काहीच आधार नाही. वाहक मुलगी आजारी नसते. तिचा नवरा त्याच जनुकाचा वाहक नसेल तर तिच्या मुलांना हा आजार होत नाही, आणि नात्याबाहेरचा मुलगा वाहक निघणे फार दुर्मीळ. तरीही खात्री हवी असेल तर त्या एका जनुकाची तपासणी मुलाची करावी. त्याला थोडे रक्त पुरते.